काश्मीर ड्युटी

उदयसिंह सुभेदार माणूस वाईट होता असं मात्र कुणी म्हणू नये. कुणाच्या फुकटच्या चहाला तो कधी मिंधा झाला नाही, बाईमाणूस समोरून आलं की वाट सोडायचा, आणि गावातल्या पोरांना भरतीसाठी माळावर पळायला न्यायचा तेही स्वतःच्या हौसेनं. पलटणीतून पेन्शनवर आला, कराडजवळच्या गावी वर्षभर उसाच्या बांधावरून हिंडला, आणि ऊस काही हुकूम ऐकत नाही म्हणून वैतागला. शेवटी बायको संयोगिताच म्हणाली, "आवं, दिवसभर आमास्नी सावधान-विश्राम करायला लावताय, त्यापरास कुटं नोकरी बघा की!"

म्हणून तो पलूसला आला. जयराजच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर मॅनेजर झाला. बागेतून क्रेट भरून माल यायचा. टेबलांवर बसलेल्या बाया बारीक कात्रीनं घडातले नासके मणी काढायच्या आणि घड खोक्यात मांडायच्या. ती खोकी कोल्ड रूममध्ये जायची, आणि तिथनं कंटेनरमध्ये बसून परदेशी. सुभेदारानं आल्या आल्या सकाळची हजेरी रांगेत उभं राहून द्यायची पद्धत लावली. बायांना आधी हसू आलं. मग सवय झाली.

पहिल्याच हंगामात खोकी उचलणारी दोन पोरं उशिरा आली, डोळे चोळत, जांभया देत. दुसरा कुणी असता तर अर्धा खाडा धरून मोकळा झाला असता. सुभेदारानं हसत हसत कोल्ड रूमकडं बोट केलं. "झोप झाली न्हाई व्हय रं? जावा आत. मी काश्मीरला बर्फात उभा हुतो, तुमी जरा गारव्यात ऱ्हावा उभं. मी म्हनीन तवा भाईर यायचं." पोरं जर्किनाशिवाय आत गेली, दात वाजवत बाहेर आली, आणि सगळं पॅकहाउस पोट धरून हसलं. ती पोरंही हसली. सुभेदार तर सगळ्यांत जास्त हसला. गंमत तिथंच संपली असती तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

पण ती संपली नाही. त्याला नाव पडलं काश्मीर ड्युटी. उशीर झाला, काश्मीर. खोक्यात नासका मणी निघाला, काश्मीर. हजेरीला ओठ हलले तरी काश्मीर. आधी नुसती पोरं जायची, मग बायाही जायला लागल्या. सुभेदार कुणाला शिवी द्यायचा नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, कुणाची मजुरी कापायचा नाही. म्हणून आपण फार भला मॅनेजर आहोत असं त्याला मनापासून वाटायचं. माल वेळेवर निघायला लागला. जयराज चार लोकांत सांगायचा, "सुभेदार आले आणि शिस्त आली गड्या!" ते ऐकून सुभेदाराची छाती आणखी पुढं यायची.

आता त्याला जे दिसत नव्हतं ते ऐका. खरं तर दिसत होतं, पण आपल्यामुळं झालेलं म्हणून दिसत नव्हतं. टेबलावरच्या बाया एकमेकींच्या चुगल्या सांगायला लागल्या, कारण दुसरीचं नाव आधी सांगितलं की आपली सुटका. नजर चुकवून आपला नासका घड शेजारणीच्या क्रेटात सरकवायच्या. नव्या बाईची कात्री लपवायच्या, ती शोधत बसली की हसायच्या. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेल्या बाया पाठ फिरवून जेवायला लागल्या. सुभेदार फोनवर बायकोला सांगायचा, "काय मानसं हायती ही! एकीचं एकीशी पटत न्हाई. स्वभावच भांडखोर." संयोगिता म्हणाली, "आपली पोरं कवा एकमेकांच्या चहाड्या करत न्हवती. तुमी पेन्शनवर आल्यावर करायला लागली." सुभेदार म्हणाला, "तुजं आपलं कायतरीच," आणि फोन ठेवला.

त्या वर्षी जानेवारीत जत भागातली दगडाबाई कामाला आली. धनगराची म्हातारी, उंच, काटक, हातावर गोंदलेलं. मुलगा बिरदेव मेंढरं घेऊन हिंडायचा, आणि ही हंगामापुरती पलूसला लेकीकडं राहिली होती. बोलता बोलता मधेच कानडी शब्द यायचा, की पोरी खिदळायच्या. हात मात्र तिचा सावकाश चालायचा. घड असा धरायची जणू नुकतं जन्मलेलं कोकरू आहे. तिच्यामुळं टेबल मागं पडायचं. आणि सुभेदाराचा नियम असा, की मागं पडलेल्या टेबलाचा दुपारचा चहा बंद. एकीचा नाही, सगळ्या टेबलाचा. पलटणीत असंच असतं म्हणे, एकाची चूक सगळी तुकडी भोगते, म्हणजे तुकडीच त्याला सरळ करते.

मग टेबलानं तिला सरळ करायला घेतलं. राग तर सगळ्यांच्या पोटात होताच. तो सुभेदारावर काढायची कुणाची छाती होती? म्हातारीवर काढणं सोपं होतं. त्या टेबलावर सगळ्यांत फटकळ तोंडाची होती अपेक्षा. आष्ट्याची पोर, हुशार, काम करून बाहेरून कॉलेजची परीक्षा देणारी. स्वभावानं वाईट नव्हती तीही. पण लागोपाठ चहा बुडाला की हुशार माणसाचंही डोकं फिरतं.

त्या दिवशी कंटेनर लागायचा होता. दगडाबाई जेवणाच्या सुट्टीतनं जरा उशिरा आली, नळावर रांग होती म्हणून. अपेक्षानं तिच्याकडं बघितलं आणि टेबलावरच्या बाकीच्यांना डोळा मारला.

"मावशी, सुभेदारसाहेबांनी तुमाला काश्मीरला धाडलंय. आत जाऊन उभं ऱ्हावा. ते म्हनतील तवाच भाईर यायचं."

म्हातारीचं तोंड उतरलं. "माजं काय चुकलं गं बाई?"

"मला काय म्हायती? जावा लवकर, न्हाईतर आमी सगळ्याच जाऊ."

दगडाबाईनं पदर खांद्यावरनं घट्ट ओढून घेतला आणि गेली. बाया तोंड दाबून हसल्या. जरा वेळानं अपेक्षा तिला हाक मारणार होती, हे खरं. पण तेवढ्यात सुभेदार आला, "ए पोरी, तू चल, लेबलं लावायला मानूस न्हाई," म्हणून तिला पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. जागा सोडली तर आपल्यालाच काश्मीर, हे तिला ठाऊक होतं. तिनं टेबलाकडं बघून खुणा केल्या. टेबलावरच्या बायांनी न बघितल्यासारखं केलं. जी उठेल ती सापडेल. मग कंटेनर आला, ड्रायव्हरनं घाई केली, माल कमी पडला म्हणून आरडाओरडा झाला, आणि म्हातारी सगळ्यांच्याच मनातनं गेली.

तिला बघितलं आकारामनं. आकाराम खोक्यांचे थर हातगाडीवर घालून ओढायचा. आत गेला आणि बोंबलतच बाहेर आला. "आरं या रं! म्हातारी पडलीया!" पंख्यांच्या थेट झोतात, खोक्यांच्या कडेला ती आडवी झाली होती. ओठ काळेनिळे, नळावर भिजलेला पदर अंगाला चिकटलेला, बोटं वळून घट्ट झालेली. सुभेदारानं तिला स्वतः उचललं. जीपमध्ये घातलं, अंगावरचं जाकीट तिच्याभोवती गुंडाळलं, आणि दवाखान्यापर्यंत तिचे हात आपल्या हातात चोळत राहिला. डॉक्टर म्हणाले जीव वाचेल, पण बोटांच्या शेंड्यांना जाणीव परत येईल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

सुभेदार परत आला तो पेटूनच. "कुनी कोंडलं तिला? बाईमानसाला कोंडता? लाज न्हाई वाटत?" त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. आणि मग सुरू झालं. ही म्हणाली तिनं, ती म्हणाली हिनं. कुणी म्हणालं खोकी उचलणाऱ्या पोरांनी कडी घातली. प्रत्येक तोंडातून वेगळं नाव. सुभेदाराला किळस आली. काय नीच माणसं आहेत ही, असं त्याला वाटलं. त्या किळसेत त्याला थोडं बरंही वाटत होतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आकाराम मागं उभा होता. तो म्हणाला, "साहेब, कडी कुनीच घातली न्हवती."

"मग?"

"दार नुस्तं लोटलेलं हुतं. मी एका हातानं ओढलं. आतनं बी नुस्तं ढकललं की उघडतंय."

"गप रं! उघडं हुतं तर ती आली नसती भाईर?"

सुभेदार ताडताड कोल्ड रूमपाशी गेला, आत शिरला, दार ओढून घेतलं. आणि आतनं नुसता तळहात टेकवला. दार उघडलं. त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा टेकवला. पुन्हा उघडलं. समोर सगळी रांग त्याच्याकडं बघत होती. कुणीतरी अपेक्षाचं नाव घेतलं, आणि आता सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली. पोर रडत रडत म्हणाली, "व्हय, मी सांगितलं. मला वाटलं जरा वेळ... तुमी धाडता तसं."

शेवटचे तीन शब्द त्यानं ऐकले. पण ऐकले नाहीत असंच दाखवलं.

संध्याकाळी जयराजनं त्याला ऑफिसात बसवलं. जयराज घाबरला होता. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं होतं, पुण्याचे खरेदीदार फोनवर फोन करत होते. "सुभेदार, सरळ गोष्ट हाय. पोरीनं चेष्टा केली, पोरीचं नाव सांगा. काढून टाकू तिला. पॅकहाउसचा संबंध न्हाई, तुमचा न्हाई, माझा न्हाई."

"तिचं लग्न ठरतंय म्हनं," सुभेदार म्हणाला.

"मग आधी इचार करायचा हुता तिनं."

"व्हय," सुभेदार म्हणाला. "बरोबर हाय. तिचंच नाव देतो."

आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. खोलीवर येऊन तो पोटभर जेवला. पोरीनं केलंय, पोरगीच भोगेल, यात अन्याय कुठला? असं त्यानं स्वतःला निदान दहादा समजावलं. ज्याला खरंच पटलेलं असतं तो स्वतःला इतक्यांदा समजावत नाही. पण सुभेदाराला त्या दिवसापर्यंत स्वतःशी भांडायची सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. वऱ्हांड्यात बाकड्यावर हवालदार आणि जयराज बसले होते, पुढ्यात चहा होता. आत खाटेजवळ बिरदेव उभा होता, आईच्या अंगावर घोंगडं टाकून. उन्हानं रापलेला दांडगा गडी. मिळेल त्या गाडीनं जतहून आला होता. सुभेदाराला बघताच तो पुढं झाला. आता हा गचांडी धरणार, असं सुभेदाराला वाटलं, आणि त्यानं ते मनातल्या मनात मान्यही केलं. बिरदेव वाकला आणि त्याच्या पायाला हात लावला.

"साहेब, तुमी सोताच्या हातानं उचलून आनलं म्हनं. तुमी हुता म्हून माजी आय वाचली."

सुभेदाराला पाय मागं घ्यावासा वाटला आणि घेता आला नाही. तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसला.

"दगडाबाई, कसं वाटतंय?"

"बरं हाय सायेब." तिनं उठायचा प्रयत्न केला, त्यानं हातानंच थांबवलं. बोटांना कापसाच्या पट्ट्या होत्या. "सायेब, मी पडले तवा खोकी पाडली का वो? द्राक्षं सांडली का?"

"न्हाई, न्हाई. कायबी न्हाई सांडलं." मग त्यानं विचारलं. विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं. "दगडाबाई, त्ये दार उघडं हुतं. तुमाला ठावं न्हवतं का?"

"ठावं हुतं की. मी आत असताना एक पोरगा खोकी ठिवून गेला न्हवं का त्या दारानं? मी दिसले त्येला. हसला बी माज्याकडं बघून."

"मग तुमी भाईर का न्हाई आला?"

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं, की एवढं कसं या शहाण्या माणसाला कळत नाही.

"तुमी म्हनला न्हवता."

बिरदेव खिडकीतनं बाहेर बघत होता. त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. म्हातारीलाही नव्हतं. ती पुढं बोलतच राहिली, हात बरे होईपर्यंत बदली लेक आली तर चालेल का, तिचा हात आपल्यापेक्षा चपळ आहे, टेबलाचा चहा बुडायचा नाही. सुभेदाराला त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. तो त्या पट्ट्यांकडं बघत होता. तो आजवर खरंच समजत होता, की आपण कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या खोलीत बसवेना.

तो वऱ्हांड्यात आला. हवालदारानं चहाचा कप बाजूला ठेवला. "हं, बोला सुभेदारसाहेब. पोरीचं पूर्ण नाव काय?"

"पोरीचं न्हवं. माजं घ्या."

जयराजचा कप तसाच हातात राहिला. "सुभेदार, काय बोलताय?"

"जर्किनाशिवाय मानसं आत उभी करायची रीत मी पाडली. मी म्हनीन तवाच भाईर यायचं, ह्यो हुकूम बी माजाच. तिनं नुस्ता पुढं सांगितला. लिवा, उदयसिंह."

जयराजनं त्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं, शिव्या घातल्या, हात जोडले, परत शिव्या घातल्या. "आजपासनं तुमचं काम बंद. किल्ल्या द्या आन् जावा गावाकडं." सुभेदार म्हणाला, "किल्ल्या पॅकहाउसवर हायत्या. बायास्नी एकदा भेटून देतो."

त्याला काय वाटत होतं? बाया शिव्या देतील, असं वाटत होतं. निदान एखादी रडेल, एखादी म्हणेल की बरं झालं ब्याद गेली. त्यानं ते ऐकून घ्यायची तयारी केली होती. त्याला ते हवंच होतं, असंही म्हणता येईल.

तो फाटकातून आत आला आणि बाया न सांगता रांगेत उभ्या राहिल्या. अपेक्षा शेवटी उभी होती, तिचे डोळे सुजलेले होते. शेजारची तिच्यापासून हातभर लांब सरकून उभी होती.

सुभेदार समोर उभा राहिला. आज त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना. "ऐका," तो म्हणाला. "दगडाबाई बरी हाय. पोलिसास्नी मी अपेक्षाचं नाव दिलेलं न्हाई. माजं दिलंय. झालं त्ये माज्यामुळं झालं. मी तुमास्नी एकमेकीची वैरी केली. चुकलो मी. मला माफ करा म्हनायला बी तोंड न्हाई. तुमाला काय बोलायचं आसंल त्ये बोला. शिव्या द्या. मी ऐकनार हाय."

पुढची एक बाई हळूच म्हणाली, "न्हाई साहेब, तुमची काय चूक?" दुसरी लगेच म्हणाली, "न्हाई साहेब." मग सगळ्याच म्हणाल्या, घाईघाईनं, एकीपेक्षा एक मोठ्यानं. त्याला कळलं, की यांना हा नवा डाव वाटतोय. कोण तोंड उघडतं ते साहेब बघतायत, असं वाटतंय.

"आगं, खरंच सांगतोय मी!" त्याचा आवाज चढला, आणि रांग आणखी ताठ झाली.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला उभी असलेली अपेक्षा बाहेर आली. साहेबांनी आपलं नाव पोलिसांना दिलं नाही, म्हणजे काय ते तिच्या परीनं तिला समजलं होतं. तिनं अंगातला स्वेटर काढला, नीट घडी घालून टेबलावर ठेवला, ओढणी काढून त्याच्यावर ठेवली. पातळ ड्रेसमध्ये ती कोल्ड रूमच्या दारापाशी जाऊन उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली,

"साहेब, किती वेळ उभं ऱ्हाऊ?"

रांगेतली एकही बाई "नको" म्हणाली नाही. सगळ्या सुभेदाराच्या तोंडाकडं बघत होत्या. "न्हाई गं पोरी, न्हाई," एवढंच त्याला म्हणता आलं, तेही रडत. पोरीला ते पटलं नाही. ती दारावर हात ठेवून तशीच उभी राहिली, तो खरं काय म्हणतो याची वाट बघत.